तारीख सांगा, दोर कोणी धरला होता ते सांगा

केन विल्सन, म्हणजे क्लायंबिंगच्या पुस्तकांचा आणि मासिकाचा गाजलेला ब्रिटिश संपादक, मला भेटला असता तर पहिल्या दहा मिनिटांत आमचं वाजलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही. विषयही ठरलेला: बोल्ट. कड्याला ड्रिलने भोक पाडायचं, त्यात बोल्ट ठोकायचा आणि त्याच्या भरवशावर वर सरकायचं, हे त्याच्या लेखी पाप होतं. मी पडले सह्याद्रीत शिकलेली. आमचा बेसॉल्ट कसा, तर जो होल्ड विश्वासाने धरावा तोच उपटून हातात यावा. वर गवताची पट्टी, खाली घसारा. तिथे बोल्टला नाही म्हणणाऱ्याला आमची मंडळी आधी चहा पाजतील आणि मग म्हणतील, चल बाबा, आजचा लीड तुझा, म्हणजे सगळ्यांत पुढे तू चढायचं. विल्सन त्यावरही तासभर बोलला असता. मोठ्या आवाजात, न थकता, समोरचा हात टेकेपर्यंत वाद घालणं हा त्याचा स्वभाव होता, असं त्याला ओळखणाऱ्या लोकांनीच लिहून ठेवलंय.

जून २०१६ मध्ये तो गेला. मी तेव्हा इंग्लंडमध्येच होते, पण त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. आता माझ्या कपाटातला एक अख्खा कप्पा त्याच्या पुस्तकांनी भरलाय. आणि मला वाटतं, त्याच्या गुणांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, त्याच्या भांडखोरपणाचं कौतुक करायला हवं.

मी मूळची नाशिकची. शेफील्डमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी करते. या गावाचं भाग्य असं की हॉस्पिटलमधून निघालं की थोड्या वेळात स्टॅनेजच्या कड्याखाली उभं राहता येतं. उंचीने कडा अगदी बेताचा, आपल्याकडचे लोक हसतील. पण मैलोन्‌मैल पसरलेला, खरखरीत ग्रिटस्टोनचा. पूर्वी या दगडातून जाती घडवायचे. घडवून झालेली, पण कुणी न नेलेली जाती अजून कड्याखाली गवतात पडली आहेत. या दगडात फटी फार. फटीत हात घालायचा, आत अंगठा दुमडून हात फुगवायचा आणि त्यावर अंगाचा भार टाकायचा. याला जॅमिंग म्हणतात. शनिवारी तिथे जाऊन आलं की हाताच्या मागची कातडी सोललेली असते, आणि सोमवारी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात त्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर पडलं की शनिवारी नेमकी कोणती फट चढलो ते पुन्हा एकदा नीट समजतं.

तर, विल्सनचं 'हार्ड रॉक' मला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मिळालं. जाडजूड, मोठ्या आकाराचं, १९७४ सालचं. मी घेतलं ते फोटोंसाठी. घरी आल्यावर लक्षात आलं की आधीच्या मालकाने ते नुसतं वाचलेलं नाही, वापरलंय. जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलने तारीख आणि दोन आद्याक्षरं लिहिलेली. एका ठिकाणी 'पाऊस, अर्ध्यातून परत'. त्याच पानावर खाली, बऱ्याच वर्षांनंतरची तारीख आणि फक्त एक उद्‌गारचिन्ह. काही प्रकरणं कोरी. शेवटच्या तारखांमधलं अक्षर थोडं थरथरलेलं वाटतं, की मला तसं वाटून घ्यायला आवडतं, कोण जाणे.

पुस्तकाची कल्पना साधी. ब्रिटनमधल्या कठीण आणि सुंदर अशा पन्नासहून अधिक चढाया निवडायच्या, आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या क्लायंबरनी लेख लिहायचे. मार्गदर्शिकेतल्या दोन ओळी नव्हेत, लेख. पहिल्यांदा कोण गेलं, कुठे अडलं, कोण माघारी आलं, आज तिथे गेल्यावर पोटात काय होतं. सोबत फोटो, आणि फोटोही असे की चढणारा माणूस कड्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे ते कळलंच पाहिजे. आता हे वाचून कुणी म्हणेल, त्यात काय मोठं? मोठं हे की क्लायंबरला लिहायला बसवणं हे त्याला कड्यावर चढवण्यापेक्षा कठीण काम आहे. विल्सनने ते वर्षानुवर्षं केलं. 'हार्ड रॉक'च्या पाठोपाठ सोप्या चढायांवरचं 'क्लासिक रॉक' १९७८ साली, बर्फातल्या चढायांवरचं 'कोल्ड क्लाइम्ब्ज' १९८३ साली, आणि सगळ्यात अवघड चढायांवरचं 'एक्स्ट्रीम रॉक' १९८७ साली. मागे लागून, फोन करकरून, मसुदे परत पाठवून.

त्याचा जन्म १९४१ चा, बर्मिंगहॅमकडचा. आर्ट कॉलेजात फोटोग्राफी शिकला आणि लंडनमध्ये इमारतींचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत नोकरीला लागला. हे कळल्यावर त्याच्या पुस्तकांतले फोटो मी पुन्हा काढून पाहिले. इमारतीचा फोटो काढणाऱ्याला रेषा सरळ लागते, उन्हाची वेळ साधावी लागते, आणि पुढे झाड आलं म्हणून भागत नाही. विल्सनने कडे तसे टिपले. 'द ब्लॅक क्लिफ' या १९७१ सालच्या पुस्तकात वेल्समधल्या एकाच कड्याचा सगळा इतिहास आहे, पीटर क्रू आणि जॅक सोपर यांच्याबरोबर मिळून केलेला. त्यातल्या कड्याच्या फोटोंकडे बघत कोणती वाट कुठून जाते हे बोटाने दाखवता येतं. आपल्याकडच्या कितीतरी ट्रेकच्या वर्णनांत 'डावीकडच्या झाडाजवळून वर' असं लिहिलेलं असतं. ते झाड दोन पावसाळ्यांनी नसतं.

पण त्याचं खरं रणांगण म्हणजे 'माउंटन' हे मासिक. युथ होस्टेलवाल्यांचं 'माउंटन क्राफ्ट' नावाचं एक साधंसुधं नियतकालिक होतं, ते विल्सनकडे आलं आणि १९६९ च्या जानेवारीपासून 'माउंटन' या नावाने निघायला लागलं. जवळपास दहा वर्षं तो संपादक होता. अमेरिकेतल्या योसेमिटीत काय चाललंय, आल्प्समध्ये काय झालं, हिमालयात कोण पोचलं, अशा जगभरच्या बातम्या तो मागवायचा. त्या काळात, म्हणजे पत्र यायला पंधरा दिवस लागायचे तेव्हा. आणि आलेली बातमी तशीच छापायची नाही. कोण कोण होतं, कोणत्या दिवशी, किती मेखा ठोकल्या, कुठे दोराला लटकून विश्रांती घेतली, हे विचारायचं. 'आम्ही चढलो' एवढ्यावर त्याचं समाधान होत नसे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सेरो तोरे. ते जरा सविस्तर सांगते, कारण मराठीत यावर फारसं वाचलेलं आठवत नाही.

पॅटागोनियात, अर्जेंटिना आणि चिलीच्या सीमेवर, ३,१२८ मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा सुळका आहे. उंची ऐकून काही वाटत नाही, पण उभा, आणि वादळं अशी की माथ्यावर बर्फाची भलीमोठी छत्री जमलेली. १९५९ साली चेझारे माएस्त्री नावाचा नामांकित इटालियन क्लायंबर आणि त्याचा ऑस्ट्रियन साथीदार टोनी एगर वर गेले. काही दिवसांनी माएस्त्री एकटाच, अर्धमेल्या अवस्थेत पायथ्याच्या बर्फात सापडला. त्याने सांगितलं: आम्ही माथ्यावर पोचलो, उतरताना हिमप्रपातात एगर गेला. कॅमेराही त्याच्याबरोबर गेला. म्हणजे फोटो नाही. जगाने विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? साथीदार गमावून आलेल्या माणसाला कोण प्रश्न विचारणार?

पुढची नऊ-दहा वर्षं त्या सुळक्यावर चांगले चांगले गेले आणि परतले. १९६८ सालच्या एका तुकडीत डुगल हॅस्टन, मार्टिन बॉयसन, मिक बर्क आणि 'द ब्लॅक क्लिफ'वाला पीटर क्रू होते. तेही माघारी आले. मग कुजबुज सुरू झाली की १९५९ साली, त्या काळच्या सामानानिशी, एवढ्या कमी दिवसांत हे झालंच कसं? माएस्त्री चिडला. १९७० साली तो परत गेला, या वेळी पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन. त्याने दुसऱ्या बाजूच्या कडेवर शेकडो बोल्ट ठोकत वाट काढली आणि वरच्या बर्फाच्या छत्रीखाली थांबला. त्याचं म्हणणं, बर्फ हा काही डोंगर नव्हे, एक दिवस उडून जाईल. कॉम्प्रेसर तिथेच भिंतीला लटकत ठेवून खाली आला.

विल्सनच्या डोक्यात तिडीक गेली असणार ती बोल्ट पाहूनच. पण त्याने नुसती आगपाखड केली नाही. 'माउंटन'ने थेट माएस्त्रीला गाठून त्याची मुलाखत घेतली आणि प्रश्न साधे ठेवले: वाट कुठून गेली? कुठल्या बर्फाच्या पट्ट्यावरून? मुक्काम कुठे? १९७२ साली हे सगळं छापून आलं. माएस्त्रीकडे राग भरपूर होता. तपशील मात्र हवे तसे मिळाले नाहीत. एका वीराच्या तोंडावर शंका घेणं, तीही मेलेल्या साथीदाराच्या प्रकरणात, हे अनेकांना आवडलं नाही. मला स्वतःला हे वाचताना अवघडायला झालं. डॉक्टरी पेशात अशा चौकशा जवळून पाहिलेल्या आहेत. मरण झालेलं असताना 'नेमकं किती वाजता' असं विचारणारा माणूस खोलीतल्या कुणालाच आवडत नाही.

पण पुढे काय झालं पाहा. १९७४ साली इटालियन तुकडी पश्चिमेकडून, बर्फाची छत्री पार करून, माथ्यावर पोचली. सेरो तोरेवर माणूस निर्विवादपणे पोचला तो तेव्हा. १९७६ साली तीन अमेरिकन शेजारच्या तोरे एगरवर चढले. त्यांची सुरुवातीची वाट माएस्त्रीने सांगितलेल्या वाटेवरूनच जात होती. खालच्या टप्प्यात त्यांना १९५९ चे दोर आणि मेखा भरपूर सापडल्या. त्याच्या वर एकही नाही. आणि वरचा कडा माएस्त्रीच्या वर्णनाशी जुळेना. २००५ साली रोलांदो गारिबोत्ती आणि दोघे इटालियन त्या बाजूने थेट माथ्यापर्यंत गेले. वर कसलीही खूण नाही. शेवटी २०१५ साली गारिबोत्तीने दाखवून दिलं की माएस्त्रीच्या पुस्तकात त्या चढाईचा म्हणून छापलेला फोटो सेरो तोरेवरचा नाहीच, तो पलीकडच्या दुसऱ्याच शिखरावरचा आहे. माएस्त्री २०२१ साली गेला. शेवटपर्यंत त्याने शब्द फिरवला नाही.

विल्सनला १९७२ मध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त प्रश्न होते, आणि ते छापायची छाती होती. त्याने ते त्या वेळी कागदावर उतरवले म्हणून तर माएस्त्रीची उत्तरंही कागदावर आली, आणि पुढच्यांना पडताळायला काहीतरी हाताशी राहिलं. माझ्या कामात दर पाच मिनिटांनी रुग्णाची नाडी आणि रक्तदाब चार्टवर मांडावा लागतो. सगळं सुरळीत असतं तेव्हा त्या ठिपक्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वीस वर्षांनी कुणी विचारलंच, तर ठिपक्यांशिवाय आपल्याकडे दुसरं काही नसतं. आठवण तर नसतेच. विल्सनने क्लायंबिंगचे ठिपके मांडले, असं मी म्हणेन.

'द ब्लॅक क्लिफ'कडे परत येते, कारण ते माझं सगळ्यात आवडतं. स्नोडनच्या बाजूला क्लॉग्विन डीर आर्डी नावाचा काळाकभिन्न, उत्तरेला तोंड केलेला कडा आहे. वेल्श उच्चार मलाही जमत नाही. सगळे 'क्लॉगी'च म्हणतात. या कड्याचा लिखित इतिहास १७९८ सालापासून सुरू होतो. पीटर विल्यम्स हा पाद्री आणि त्याच्याबरोबर विल्यम बिंगली, असे दोघे दुर्मीळ वनस्पती शोधत शोधत कड्यात शिरले आणि अडकले. वर जाणं अवघड, खाली उतरणं त्याहून अवघड. विल्यम्सच्या बुटांना खिळे होते. तो आधी वर सरकला, खडकाला पाठ रोवून बसला, कमरेचा पट्टा सोडला आणि त्याचं टोक खाली बिंगलीला दिलं. बिंगली ते धरून वर आला, आणि नंतर त्याने हे सगळं प्रवासवर्णनात लिहिलं. ब्रिटनमधली नोंद झालेली पहिली कातळचढाई म्हणून आज तीच सांगितली जाते. आधी कुणी मेंढपाळ पोर तिथून रोज वर-खाली करत असेल, कुणी सांगावं! पण त्याचं नाव नाही, पाद्रीबुवांच्या पट्ट्याचं मात्र आहे. मला हा किस्सा इतका आवडतो की नवीन मुलांना बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं, शिकवताना मी तो हमखास सांगते.

तिथून दीडशे वर्षं पुढे आलं की मँचेस्टरची पोरं येतात. जो ब्राउन, डॉन व्हिलन्स. हाताने कामं करणारी, प्लंबिंग-बांधकामातली माणसं. तोवर हा खेळ बराचसा प्राध्यापक-वकील मंडळींचा होता. क्लॉगीवरची 'ग्रेट वॉल' ब्राउनने पाहिली, प्रयत्न केला, पण त्याने स्वतःला नियम घालून घेतला होता की एका टप्प्याला दोनच मेखा. दोन मेखा संपल्या, तो परत फिरला. १९६२ साली पीटर क्रूने जास्त आधार घेऊन ती वाट पूर्ण केली. आणि १९७५ साली जॉन अ‍ॅलन या किशोरवयीन पोराने तीच भिंत चढायला मेखांचा आधार न घेता, फक्त हातापायांनी चढून दाखवली. 'कोण पहिला' या प्रश्नाचं उत्तर इथे एका नावात मावत नाही. माघारी फिरणारा ब्राउनही या गोष्टीत तितकाच महत्त्वाचा आहे, आणि ते कळतं ते कुणीतरी 'दोन मेखा' हा आकडा लिहून ठेवला म्हणून. (हा क्रू पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि वेल्समध्ये प्राचीन लोखंड गाळण्याच्या जागा खणत बसला. उकरून काढायची सवय जात नाही.)

मेखांबद्दलच्या या कंजूषपणातूनच एक सुंदर वस्तू जन्माला आली. लोक आधी खिशात गोटे घेऊन जायचे, फटीत गोटा अडकवायचा आणि त्याभोवती दोरीचा फास टाकायचा. क्लॉगीला जायची वाट स्नोडनच्या छोट्या रेल्वेजवळून जाते. रुळांच्या कडेला पडलेले लोखंडी नट कुणीतरी उचलले, दोरीत ओवले आणि गोट्यांऐवजी वापरले. आमच्या क्लबात ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत. मी हे पुस्तक वाचत्येय कळल्यावर त्यांनी पुढच्या आठवड्यात रुमालात गुंडाळून तसा एक नट आणला. तळहातावर ठेवला तर चांगलाच वजनदार. सहा बाजू, कोपरे घासून बोथट झालेले, एका अंगाला फटीत ओढल्याचे चकचकीत ओरखडे. आत बोट घातलं तर आटे नाहीत, गुळगुळीत. त्यांनी सांगितलं, आटे घासून काढावेच लागायचे, नाहीतर पडलो तर दोरी कापायची. घरच्या घरी, कानशीने. किती वेळ लागायचा, मी विचारलं. 'एक रेडिओ नाटक,' म्हणाले.

१९६० च्या दशकात खास चढाईसाठी बनवलेले नट बाजारात आले. अमेरिकेचा रॉयल रॉबिन्स १९६६ साली ब्रिटनमध्ये आला, हे पाहून भारावला, आणि परत जाऊन १९६७ साली योसेमिटीत फक्त नट वापरून एक वाट चढला. तिचं नाव 'नटक्रॅकर'. हातोडीने कातळ फोडत जाण्याऐवजी हाताने अडकवायचं आणि मागून येणाऱ्याने काढून न्यायचं, हा विचार अशा रीतीने जगभर पोचला. विल्सनला बोल्टचा एवढा तिटकारा का, हे मला तो नट हातात घेतल्यावर थोडंसं समजलं. पटलं असं म्हणणार नाही.

विल्सनचं अजून एक काम आहे, त्याचा फायदा तर थेट आपल्याला झाला. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन या जुन्या ब्रिटिश गिर्यारोहकांची प्रवासवर्णनं बाजारातून गायब झाली होती. विल्सनच्या प्रकाशनसंस्थेने ती गोळा करून टिलमनची सात पुस्तकं एका खंडात १९८३ साली काढली आणि शिप्टनची सहा एका खंडात १९८५ साली. १९३४ साली शिप्टन, टिलमन आणि आंग थार्के, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा ऋषिगंगेच्या घळीतून वाट काढत नंदादेवीच्या पायथ्याशी पहिल्यांदा पोचले, ती हकीगत शिप्टनच्या खंडात आहे. दोन वर्षांनी टिलमन आणि नोएल ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर गेले, ती हकीगत टिलमनच्या खंडात. मी कॉलेजात असताना एका सीनियरकडे शिप्टनचा हा विटकरीएवढा ठोकळा पाहिला होता. वाचायला मागितला तर त्याने इथेच बसून वाच म्हणून सांगितलं. तो ठोकळा कुणामुळे छापला गेला, हे मला इकडे येऊन, हेच नाव पुन्हा वाचल्यावर कळलं. आपल्याकडे हे जपणुकीचं काम मुंबईत बसून हरीश कापडिया यांनी केलं. 'हिमालयन जर्नल'चं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि 'ट्रेक द सह्याद्रीज' तर आमच्या पिढीतल्या कितीजणांच्या सॅकमध्ये होतं. त्यांच्यावर वेगळं लिहीन. ते एका परिच्छेदात उरकण्यासारखं नाही.

आता तक्रारी. त्या केल्या नाहीत तर विल्सनलाच राग आला असता.

'हार्ड रॉक' उघडा, लेखकांची नावं वाचा. बहुतेक सगळे पुरुष. जणू बायका तेव्हा घरी थर्मास भरत होत्या. पिनॅकल क्लब हा बायकांचा क्लायंबिंग क्लब १९२१ सालचा आहे. ग्वेन मॉफॅट १९५३ साली ब्रिटनमधली पहिली महिला गाइड झाली, आणि ती बऱ्याचदा अनवाणी चढायची. यांचा इतिहास यांनी स्वतःच, आपल्या वार्षिकांतून आणि आत्मचरित्रांतून सांभाळला. विल्सन इतका चौकस होता, पण काही दारं त्याने ठोठावलीच नाहीत.

दुसरं, त्याच्या पुस्तकाने ज्या वाटांना नाव दिलं त्यांच्यावर गर्दी लोटली. लोक अनुक्रमणिका हातात घेऊन एकेक खूण करत निघाले. पन्नास वर्षांच्या बुटांनी काही वाटांचे होल्ड आरशासारखे गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडून गेल्यावर त्यावर पाय ठेवताना मी विल्सनच्या नावाने जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही. शेजारीच तितकीच सुंदर वाट शेवाळ धरून पडलेली असते, कारण ती यादीत नाही. जपणारा माणूस निवडही करत असतो, आणि निवड म्हटलं की काहीतरी वगळलं जाणारच. माझ्या प्रतीतला तो पेन्सिलवाला मात्र सुखी दिसतो. त्याला बिचाऱ्याला पुढची तीस वर्षं शनिवारी कुठे जायचं हा प्रश्न पडला नसेल.

हे सगळं वाचून माझी अडचण अशी झालीये की मी घरच्या लोकांना छळायला लागलेय. आमच्या जुन्या क्लबातले एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. इगतपुरीकडचा एक सुळका त्यांच्या तुकडीने पहिल्यांदा सर केला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. सुळक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आणखी एका क्लबाचा तोच दावा आहे, आणि दोन्हीकडची माणसं माझ्या लग्नाला होती. लेखी कागद कुणाकडेच नाही. एक रजिस्टर होतं म्हणे, ते कुणाच्या तरी घर बदलण्यात गेलं. मागच्या रविवारी अण्णांना फोन लावला.

'अण्णा, लीड कोणी केला होता?'

'आळीपाळीने गं. तेव्हा काय असलं मोजत नव्हतो.'

'शेवटच्या पॅचला दोर कोणी धरला होता?'

यावर ते जरा थांबले. मग एक नाव सांगितलं, जे आजवर कुठल्याही भाषणात, कुठल्याही सत्कारात मी ऐकलेलं नव्हतं. तो माणूस पुढे ओझरला नोकरीला लागला, डोंगर सुटले. त्याचा फोन नंबर अण्णांकडे अजून आहे.

'आणि तारीख?'

'तारीख कशाला हवी तुला? पावसाळा सरत आला होता. एवढं पुरे की.'

'नाही पुरे.'

'अगं, चाळीस वर्षांच्या वर झाली. वर कारवी फुललेली होती, सगळा उतार जांभळा, एवढं मात्र डोळ्यांपुढे आहे. त्यातूनच तर उतरलो, अंगाला सगळा चिकट मध.'

कारवी काही दरवर्षी फुलत नाही, सात-आठ वर्षांतून एकदाच बहरते. अण्णांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी आठवण करून दिल्यावर ते एकदम हसले आणि म्हणाले, 'मग काढ की हिशेब, तूच काढ.'

काढतेय. त्यासाठी मदत हवी आहे. १९७५ ते १९८५ या काळात इगतपुरी, कळसूबाई, त्र्यंबक या भागात कारवी कोणत्या वर्षी फुलली होती, हे कुणाच्या घरच्या पत्रात, डायरीत, मधाच्या हिशेबाच्या वहीत सापडतंय का पाहा. रंगीत फोटो असेल आणि मागे स्टुडिओचा शिक्का असेल, तर दोन्ही बाजू स्कॅन करा.